दुसरा आवाज

घाबरट माणसाला कुणी गुरू करत नाही. मी केला, तोही नाइलाजाने. थेरगावात एका बँकेच्या वरच्या मजल्यावर टेस्ट ट्यूब बेबीचं सेंटर होतं आणि तिथल्या लॅबमध्ये मला नोकरी लागली होती. लॅब वाघमारे मॅडमच्या ताब्यात होती. पहिल्या दिवशी त्यांनी माझी मार्कशीट पाहिली नाही, अनुभव विचारला नाही. त्या जवळ आल्या आणि त्यांनी माझा वास घेतला.

"डोक्याला काय लावलंस?"

"खोबरेल, मॅडम."

"उद्यापासून नाही. गजरा नाही, पावडर नाही, सेंट तर नाहीच. घरात उदबत्ती लावली असेल तर आधी गॅलरीत उभी राहा आणि मग इकडे ये."

लातूरकडच्या मुलीला खोबरेल सोडायला सांगणारी ही बाई वेडी असणार, असं मी त्या दिवशी नवऱ्याला फोनवर सांगितलं. पुढे कळलं की आमच्या बशांमध्ये जे जीव वाढतात त्यांना वासाची वाफसुद्धा बाधते. पण मॅडमची भीती तेवढ्यावर थांबणारी नव्हती. खालच्या दुकानदाराने शटर रंगवायला काढलं, तर मॅडम लॅबचा गाऊन घालून, निळ्या स्लीपर फटकारत खाली गेल्या आणि पेंटरच्या शिडीपाशी उभ्या राहिल्या.

"चार दिवस थांबा. वर बशा आहेत."

पेंटर म्हणाला, "मॅडम, बशांचा आन् शटरचा काय संबंध? ऑइलपेंट नको तर शटरला हळद लावू का?"

"लावा. हळद चालेल मला," मॅडम गंभीरपणे म्हणाल्या. पेंटर चार दिवसांनी आला.

अंगाने बुटक्या, चष्म्याला काळी दोरी, बोलणं हळू. इनक्युबेटरच्या दारावर सदतीस अंश असा आकडा लाल अक्षरात दिसत असायचा, तरी येता-जाता त्या दाराला तळहाताची मागची बाजू लावून बघायच्या, तापाच्या लेकराच्या कपाळाला लावतात तशी. मी एकदा हसले. त्या म्हणाल्या, "आकडा खोटं बोलत नाही गं. पण आकड्याला भीती वाटत नाही. ती आपल्यालाच वाटायला पाहिजे."

त्यांचे वडील चिंचवडच्या एका कंपनीत पत्रा दाबायच्या प्रेसवर होते. मी एकदा त्यांना पाहिलं. मुलीचा डबा घेऊन आले होते आणि डबा त्यांनी उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि करंगळीत धरला होता. मधली तीन बोटं नव्हती. मॅडमनी त्याबद्दल कधी काही सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

लॅबमधली सगळ्यात मोठी शिस्त म्हणजे नाव वाचणं. एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात काहीही जायचं असलं की आधी एकाने नळीवरच्या नावाखाली बोट धरून मोठ्याने वाचायचं, मग बशीवरचं वाचायचं. दुसऱ्याने जवळ येऊन, स्वतःच्या डोळ्यांनी बघून, तेच पुन्हा वाचायचं आणि म्हणायचं, "बरोबर." त्या दुसऱ्या आवाजाशिवाय मॅडमचा हात हलत नसे. दिवसातून वीस-पंचवीस वेळा हे चालायचं. बाहेरून कुणी ऐकलं असतं तर त्याला बालवाडी वाटली असती.

एवढी भीती कशाची, हे त्यांनी मला एका दुपारी समजावलं. टिश्यू पेपरवर एक मोठं वर्तुळ काढलं.

"हे बीज. बाहेर जाड कवच. शुक्राणू ते पोखरून आत येतो. मग लागतं बीजाचं स्वतःचं पातळ आवरण. खरी परीक्षा इथे. शुक्राणूच्या डोक्यावर एक प्रथिन असतं, इझुमो. बीजाच्या आवरणावर दुसरं, जूनो. ही दोन एकमेकांत नीट बसली तरच दोन आवरणं एक होतात आणि तो आत जातो. नाही बसली तर दाराशी येऊनसुद्धा तो बाहेरच."

"नावं काय ही, मॅडम?"

"इझुमो म्हणजे जपानमधलं देऊळ. लग्न जुळावं म्हणून लोक तिथे जातात. जूनो ही रोमन लोकांची लग्नाची देवी. शास्त्रज्ञांनासुद्धा शेवटी देवच आठवले." आणि त्या जराशा हसल्या. "एक आत गेला की अर्ध्या-पाऊण तासात बीज आवरणावरची सगळी जूनो झटकून टाकतं. मग मागचे कितीही आले तरी त्यांना धरायला काही नाही."

मला ते फार आवडलं. मी म्हटलं, "म्हणजे चुकीचा कुणी आत येतच नसेल."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "चुकीचा म्हणजे कोण? उंदराचा येणार नाही. माणसाचा कुठलाही येईल. त्या कुलपाला नाव वाचता येत नाही, आडनाव वाचता येत नाही. जात कळत नाही, लग्न कुणाशी झालंय ते कळत नाही. बाहेरच्या जगात याच्याइतकी चांगली गोष्ट मला दुसरी माहीत नाही, अश्विनी. पण या खोलीत मला तिचीच भीती वाटते. ते वाचत नाही, म्हणून आपण वाचायचं."

टिश्यू पेपर त्यांनी चुरगाळून टाकला. मी तो उचलून पर्समध्ये ठेवला, आणि आता कुठे गेला ते सांगता येत नाही.

दत्ता आणि मनीषा हे जोडपं आमच्याकडे आलं तेव्हा मला नोकरीत दीड वर्ष झालं होतं. मूळचे परभणीकडचे, दत्ता चाकणला प्रेस ऑपरेटर. लग्नाला अकरा वर्षं. आधी एका ठिकाणी एकदा प्रयत्न झाला होता आणि तो पहिल्याच रात्रीत संपला होता. त्या फाइलमध्ये एवढंच लिहिलेलं की बीजांभोवती शुक्राणू जमले, काही कवचाच्या आतही दिसले, पण एकही बीज फळलं नाही. मॅडमनी ते तीनदा वाचलं. "आवरणाशी येऊन थांबलेत. किल्ली नाही किंवा कुलूप नाही. कुणाचं नाही ते आपल्याला सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या.

यावर उपाय असतो. शुक्राणू सुईत घेऊन थेट बीजात सोडायचा. सुईला इझुमो लागत नाही आणि जूनोही लागत नाही. पण आधीच्या ठिकाणी नक्की काय झालं हेही कळायला हवं होतं. म्हणून सेंटर ज्यांचं होतं ते डॉक्टर, त्यांना आम्ही सर म्हणायचो, त्यांनी आणि मॅडमनी ठरवलं की मनीषाची नऊ बीजं मिळाली तर सहा सुईने करायची आणि तीन नुसत्या शुक्राणूंच्या थेंबात ठेवायची. थेंबातल्या तिनांवर कुणाची आशा नव्हती, ती फक्त चौकशी होती.

तो गुरुवार होता. आमच्याकडे गुरुवार म्हणजे कंपन्यांना सुट्टी आणि दुरुस्तीसाठी लाइट जाणार हे धरूनच चालायचं. दोन वाजता वीज जाईल असा मेसेज आला होता. जनरेटर होता, बॅटरी होती, तरी मॅडमचा जीव थाऱ्यावर नव्हता. त्या दिवशी आणखी एका जोडप्याचं काम होतं. एकाचं पूर्ण झाल्याशिवाय दुसऱ्याची नळी बाहेर काढायची नाही हा नियम मॅडमचाच. पण लाइट जायच्या आत दोन्ही उरकावीत म्हणून त्यांनी त्या दुसऱ्या जोडप्यातल्या नवऱ्याच्या शुक्राणूंची नळीही, नळ्या कोमट ठेवायच्या ठोकळ्यात आणून ठेवली. भीतीपोटीच त्यांनी स्वतःचा नियम मोडला. मी ते पाहिलं आणि गप्प बसले.

सुईची सहा बीजं दोन आवाजांत व्यवस्थित झाली. थेंबाची बशी घेतली आणि लाइट गेली. पावणेदोनलाच. बॅटरीने काम धरलं, पण इनक्युबेटर कोकलायला लागला. मी दाराकडे धावले, अलार्मचं बटण शोधायला लागले. मागून मॅडमचा आवाज आला, नेहमीसारखा, नाव वाचणारा. आणि माझ्या तोंडून, पाठ त्यांच्याकडे असताना, अलार्मवर बोट असताना, निघून गेलं, "बरोबर."

तो शब्द माझा नव्हता, सवयीचा होता, असं मी स्वतःला खूपदा सांगितलंय. तोंड माझंच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला मॅडम मायक्रोस्कोपवर बसल्या. बीज फळलं असेल तर त्यात शेजारी शेजारी दोन गोल दिसतात, एक आईचा आणि एक बापाचा. सुईच्या सहांपैकी दोनच फळली होती, तीही मरगळलेली. मग त्यांनी थेंबाची बशी ठेवली. बराच वेळ त्यांची मान वर आली नाही.

"उघडलं," त्या म्हणाल्या. बाहेरून आल्यावर आपल्या घराचं कुलूप उघडं दिसावं तशा आवाजात.

मी डोळा लावला. तिन्ही बीजं फळलेली. इतके सुरेख दोन-दोन गोल मी तोवर पाहिले नव्हते. मी आनंदाने त्यांच्याकडे वळले, तर त्या रजिस्टरचं कालचं पान उघडून बघत होत्या.

"जे उघडणार नाही म्हणत होतो ते तिन्हींत उघडलं," त्या हळू म्हणाल्या. "असं होऊ शकतं. तिकडे कदाचित बीजं कच्ची असतील. होऊ शकतं. अश्विनी, काल लाइट गेली तेव्हा तू नाव बघितलं होतंस ना?"

रजिस्टरमध्ये दोघींच्या सह्या होत्या. मी 'हो' म्हटलं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती. मला खरंच 'हो' म्हणायचं होतं, हे मी लपवत नाही. माझी नोकरी, आमचं निगडीतलं भाड्याचं घर, सगळं त्या एका अक्षरामागे उभं होतं.

"नाही, मॅडम. मी दाराशी होते."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी स्टूल ओढलं आणि बसल्या. हात मांडीवर उलटे ठेवले.

"मी वाचलं होतं," त्या म्हणाल्या. "मला आठवतंय. पण कालचं वाचलेलं आठवतंय की रोजचं आठवतंय, ते कळत नाही."

आम्ही दोन्ही नळ्या काढून पाहिल्या. दोन्हींतून तपासणीसाठी थोडं थोडं आधीच घेतलेलं होतं, त्यामुळे कुठली कमी झाली ते सांगता येईना. मॅडमनी त्या परत ठेवल्या आणि सरांच्या केबिनकडे गेल्या. मी मागोमाग.

सर वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले, "मॅडम, तुमच्या हातून नऊ वर्षांत एक लेबल चुकलं नाही. शंभरात नव्व्याण्णव टक्के बरोबरच आहे. ही तीनच चांगली आहेत. पेशंटला कशाला घाबरवायचं?"

"एक टक्का कुणाच्या घरात जन्माला घालायचा, सर?"

सरांनी फोन उचलून दत्ता-मनीषाला बोलावलं.

ते दोघं दुपारी आले. मनीषाने नवी साडी नेसली होती, कारण आमच्याकडून बोलावणं म्हणजे चांगलीच बातमी असं तिने धरलं होतं. मॅडमनी डोक्यावरची निळी टोपी काढली. त्यांचे केस मी पहिल्यांदाच पाहिले, कोरडे आणि बरेचसे पांढरे. त्यांनी सगळं सांगितलं. माझं नाव घेतलं नाही. म्हणाल्या, "थेंबातली तीन चांगली फळलीत. पण थेंब ज्या नळीतून घेतला ती तुमचीच होती, हे दुसऱ्या माणसाने बघितलेलं नाही. चूक माझ्याकडची आहे."

दत्ताला पटकन उमगलं नाही. "मंजी तुमी बी बघितलं न्हाई?"

"मी बघितलं. पण माझं एकटीचं बघणं धरायचं नाही."

"का बरं? तुमी तर मोठ्या मॅडम हाव."

मॅडमनी त्याच्या हातांकडे पाहिलं. "तुमच्या प्रेसला दोन बटणं कशाला असतात?"

दत्ताने दोन्ही पंजे टेबलावर उपडे ठेवले. मग तो म्हणाला, "दोन्ही हात बटनावर असले की डायमधी जात न्हाईत. लोकं एकाला चिंधी बांधून ठिवतात. परोडक्शन निघतं पटापटा." त्याने मान हलवली. "मंजी काल एक बटन बांधलेलं व्हतं म्हना की."

"हो," मॅडम म्हणाल्या. मला तो डबा आणि तो अंगठा आठवला आणि मी खाली बघितलं.

मनीषाने पदर बोटाभोवती गुंडाळला आणि सोडला. "मॅडम, तुमी सांगितलं नसतं तर आमाला कळलं असतं का?"

"नाही."

"कंदीच?"

"बहुतेक नाही."

"मग कशाला सांगितलं ओ बाई?" आणि ती रडायला लागली. "अकरा वर्सांनी तीन लेकरं दिसली, आन् तुमी मनताव ती आमची हाईत का न्हाईत ठावं न्हाई. गप ऱ्हायला काय झालं व्हतं तुमाला?"

मॅडमनी टेबलाची कड धरली. "मी भित्री आहे, मनीषाताई. तुमच्या घरात ते लेकरू खेळलं असतं आणि तुम्ही निवांत असता. मी मात्र रस्त्यात तुम्हाला बघितलं तरी आधी त्याच्या तोंडाकडे बघितलं असतं. जन्मभर. तेवढं धैर्य मला नाही."

मार्ग होता, तो त्यांनी पुढे सांगितला. तिन्ही पाच दिवस वाढवायची, प्रत्येकाच्या काही पेशी काढून तपासणीला पाठवायच्या, दोघांचं रक्त सोबत द्यायचं आणि रिपोर्ट येईपर्यंत तिन्ही लेबल लावलेल्या बारीक कांड्यांत गोठवून ठेवायची. पेशी काढताना एखादं दगावू शकतं, हेही सांगितलं. मनीषा डोळे पुसून म्हणाली, "आधी सुईची दोन माझी हाईत ना? ती ठिवा." ती नक्की त्या दोघांचीच होती. त्यांतलं एक तिसऱ्या दिवशी थांबलं. दुसरं आम्ही तिच्या गर्भाशयात ठेवलं, ते रुजलं नाही. दुसऱ्या जोडप्यालाही मॅडमनी समोर बसवून सगळं सांगितलं. त्यांचं स्वतःचं काम पूर्ण दोन आवाजांत झालं होतं, तरी त्यांची काय अवस्था झाली असेल ती झालीच.

मॅडमनी रजिस्टरमध्ये लिहिलं, 'दुसरं वाचन झालेलं नाही. जबाबदारी माझी.' माझी सही तशीच राहिली. सरांनी त्यांना सांगितलं, थोडे दिवस घरी आराम करा. ते थोडे दिवस संपले नाहीत. माझी नोकरी राहिली. त्यांच्या स्टुलावर मी बसायला लागले आणि रोज पहिल्यांदा बसताना मला लाज वाटायची. नव्या मुलीचा वासही मीच घेतला.

रिपोर्ट यायला दीड महिना लागला. त्या दीड महिन्यात मनीषाचा रोज सकाळी फोन यायचा आणि मी रोज 'अजून नाही' म्हणायचे. आला तेव्हा मी आधी तिला कळवलं. फोनवर मागे प्रेस चालल्याचा आवाज येत होता, म्हणजे ती चाकणला दत्ताच्या कंपनीच्या गेटवर जाऊन उभी होती. मग मी कागद घेऊन सांगवीला मॅडमच्या घरी गेले. पुढच्याच महिन्यात त्या मुलाकडे नागपूरला जाणार होत्या, हे मला तिथे गेल्यावर कळलं. आमची ती शेवटची भेट.

तिसरा मजला, लिफ्ट नाही. दार त्यांनीच उघडलं. खोबरेलाचा वास आला. त्यांच्या केसांना तेल लावलेलं होतं, चापून वेणी घातली होती. कोपऱ्यात बुद्धाच्या मूर्तीपुढे चक्क उदबत्ती जळत होती. मला ते बघून रडू आलं, कारण याचा अर्थ काय ते फक्त मलाच कळत होतं.

"आलाय," मी म्हटलं.

त्यांनी कागद हातात घेतला नाही. "तू वाच. मोठ्याने."

मी नावाखाली बोट धरलं. आधी मनीषाचं, मग दत्ताचं. मग तिन्ही नमुन्यांपुढे लिहिलेलं. तिन्ही त्यांचीच होती. मॅडमनी चष्मा नाकावर ओढला, माझ्या शेजारी येऊन, वाकून, प्रत्येक ओळ पुन्हा वाचली.

"बरोबर," त्या म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या. मला वाटलं होतं आता त्या हसतील. त्यांनी विचारलं, "चहा टाकू?"

चहा झाला. मी निघाले. जिना उतरून गेटपाशी आले तर वरून हाक आली. मॅडम गॅलरीत कठड्याला रेलून उभ्या होत्या, हातात मी दिलेली झेरॉक्स.

"अश्विनी, यातला नमुन्याचा नंबर आणि आपण गोठवलेल्या कांडीवरचा नंबर एकच आहे ना गं? बघितलास तू?"

बघितला होता. लॅबमध्ये, सकाळी, तीनदा. रस्त्यावरून रिक्षा जात होत्या, मला उशीर झाला होता, आणि ओठांवर तोच शब्द तयार होता. खालून नुसता ओरडून सांगितला असता तरी त्यांना ऐकू गेला असता.

मी तोंड मिटलं आणि पुन्हा तीन मजले चढले. मॅडम दार उघडून उभ्याच होत्या. मी पर्स खाली ठेवली, सकाळी लॅबमध्ये घेतलेला कांडीच्या लेबलचा फोटो मोबाइलवर उघडला, तो झेरॉक्सशेजारी धरला आणि पहिल्या आकड्याखाली बोट ठेवून वाचायला सुरुवात केली.